भावजींची रांगोळी

आमच्या धाकट्या दिरांसारखा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांची मला आत्ताच दया येते. एका टॉवेलच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळतात, आणि घरी आले की पुन्हा कॉम्प्युटरच. त्यातही इतरांसारखे रंगीत फोटो नाहीत की सिनेमे नाहीत. एक काळीकुट्ट चौकट उघडायची, तिला ते टर्मिनल म्हणतात, आणि तिच्यात नुसती अक्षरं बडवत बसायचं. सण जवळ आला की त्यांच्या अंगात येतं. चांदण्या, टिंबं, कंस आणि तिरप्या रेघा, एवढ्याच सामानातून ते सणाचं चित्र काढतात. आधी हुकमांची लांबलचक यादी लिहायची, ती म्हणे शेल स्क्रिप्ट. मग एक बटण दाबलं की ओळीखाली ओळ उमटत चित्र तयार. मी पहिल्यांदा त्यांना चहा द्यायला गेले तेव्हा बैलांचा सण होता, बेंदूर. काळ्या काचेवर आधी दोन शिंगं आली, मग डोळे आले, आणि ते डोळे चक्क मिटले आणि उघडले. माझ्या हातातली बशी खाली. "भिऊ नका वैनी," भावजी म्हणाले, "बैल हाय. मारत न्हाई." त्यांनी सांगितलं म्हणून बैल. मला तो उंट वाटला होता.

त्यांची चित्रं घरात राहिली असती तरी चाललं असतं. एका गुढीपाडव्याला त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर गुढी उभारली. खाली प्रश्न, 'कडुनिंब खाल्ला का?' आणि 'व्हय' लिहिल्याशिवाय पुढचं काहीच उघडेना. शेठ धावत आले. "अवो, ट्रक दारात उभा हाय, बिल काढायचंय! ह्ये झाड कुठनं उगवलं?"

"झाड न्हाई शेठ, गुढी हाय. व्हय म्हणा की, लगेच हटतंय."

"आन् खाल्ला न्हाई तर व्हय कसं म्हणू?" शेठ पडले देवभोळे. माणूस पाठवून कडुनिंबाची डहाळी आणवली, सगळ्यांनी तोंडं वाकडी करत पानं चावली, तेव्हा कुठं ट्रक हलला. भावजींची नोकरी कशी टिकली, याचं मला अजून नवल वाटतं.

यंदाच्या दिवाळीत मात्र त्यांचा संसारच टिकतो की नाही अशी वेळ आली. माझी जाऊ मैंदर्गीची. एरवी मराठी बोलते, राग आला की कानडीत शिरते. वसुबारसेच्या संध्याकाळी तिनं त्यांना दारात पणत्या लावायला सांगितलं. "लावल्या," आतून उत्तर आलं. ती बाहेर गेली तर उंबऱ्यात अंधार. आत येऊन बघते तर टर्मिनलमध्ये चाळीस पणत्या ओळीनं लागलेल्या आणि प्रत्येकीची ज्योत हलतेय! "एन्री इदु? ह्ये काय? लक्ष्मी काय तुमच्या त्या डब्यातनं येणार हाय का?" हातातली तेलाची वाटी तिनं तिथंच ठेवली आणि सकाळच्या एसटीनं माहेर गाठलं. दिवाळीचा पाडवा तीन दिवसांवर आलेला. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं, ते त्या दोघांत एकदाही चुकलेलं नव्हतं. भावजींनी जेवण टाकलं. फोन केला तर ती म्हणाली, "दारात रांगोळी काढा. सोताच्या हातानं. फोटू बघते, मग येयाचं का न्हाई ठरवते."

त्यांनी आयुष्यात रांगोळीला बोट लावलं नव्हतं. आधी सराव म्हणून ती टर्मिनलमध्येच काढायला बसले. तेरा ठिपके, तेरा ओळी, आठ पाकळ्यांचं फूल. निघाला दुधी भोपळा, उभाच्या उभा. पाच वेळा काढला, पाच वेळा भोपळा. मी बाजूच्या खोलीत टॉवेलच्या कडा शिवत होते. 'चहा ठेवलाय' यापलीकडे मी त्यांच्याशी कधी बोललेली नाही, पण त्या दिवशी राहवेना. त्या काचेवर एकेका अक्षराचं घर रुंदीला कमी आणि उंचीला जास्त आहे, हे मला दारातूनही दिसत होतं. "भावजी," मी म्हटलं, "आडव्या दोन ठिपक्यांत एक घर मोकळं सोडा की." त्यांनी सोडलं. फूल गोल झालं. आणि तो शिकलेला माणूस उठून माझ्या पाया पडला! मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. भिंतीला टेकून उभीच राहिले. "इतकी वर्सं माझे बैल उंट का होत्यात ते आज कळलं, वैनी!"

एवढ्यावर थांबले असते तर ते आमचे दीर कसले. पाडव्याच्या पहाटे, मी आंघोळीला गेले असताना, त्यांनी दारात ठिपके पाडायचा भोकांचा कागद अंथरला आणि जमिनीवरही आडवं एक एक भोक मोकळं सोडत गेले. मी बाहेर आले आणि तोंडावर हात ठेवला. आठ पाकळ्यांचं फूल रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखं पसरलं होतं. "भावजी, ह्ये काय केलंत? ते घर सोडायचं काचेवर, भुईवर न्हाई!"

"फोटू तिला गेलाबी, वैनी," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले.

फोन वाजला. बराच वेळ नुसता जावेच्या हसण्याचा आवाज. मग ती म्हणाली, "पुसू नका ती. कुणाला तुडवूबी देऊ नका. मी निघाले."

दुपारी ती आली. हातात बॅग, कपाळावर घाम. दारात थांबली आणि त्या वेड्यावाकड्या फुलाकडे बघत राहिली. मग लुगडं वर धरून, भिंतीकडेनं अंग चोरून आत गेली आणि म्हणाली, "पाट मांडा." भावजी नवा शर्ट घालून स्वयंपाकघरात लपले होते. ती ओवाळत होती तेव्हा त्यांना वर बघवेना.

लग्न झाल्यापासून मी रोज सकाळी त्याच दारात रांगोळी घालते. ठिपका इकडचा तिकडे होत नाही. नऊ वाजेपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या पायांनी ती पुसून गेलेली असते. माझ्या रांगोळीपुढं हातात बॅग घेऊन कुणी असं उभं राहिल्याचं मला आठवत नाही.