मूठभर खत आन् तांबडे मासे

विद्यापीठाच्या नामांतराची गडबड चालली व्हती तवा मी सेलूच्या टेसनापाशी एका हॉटेलात कपबशा धुवायचो. शेठनं तिथं काचंची पेटी मांडली, आत दोन तांबडे मासे. मला म्हणला, "मेले तर तू घरी."

मला मासे लय वाळके वाटले. शाळा न्हाई बघितली, पर शेतातलं कळतंय की! घरून मूठभर सुपर फॉस्फेट आणलं आन् टाकलं पाण्यात. कापूस वाढतो, मग मासा का न्हाई? पंधरा दिसांत पाणी हिरवंगार झालं, मासे दिसंनात.

एक माणूस रोज गाडीच्या आधी यायचा. बशीत चहा वतून फुंकायचा आन् पेटीकडं बघत बसायचा. त्या दिवशी पाण्यात बोट बुडवून म्हणला, "काय टाकलं?"

मी सांगितलं. शेठ पोट धरून हसला, त्यो न्हाई हसला.

"गड्या, खत शेवाळानं खाल्लं. रोज थोडं पाणी बदल. उन्हाच्या बाजूनं कागद लाव. माशांचे दाणे चिमूटभर, बस्स."

सोताच्या रुमालानं त्यानं काच आतून पुसली.

आठव्या दिवशी तांबडी शेपटी दिसली, माझी नोकरी वाचली. खुशीत मी इचारलं, "काका, तुमच्या घरी बी मासे हायेत का?"

"व्हते," त्यो म्हणला. "मी लय खाऊ घातलं." बशी पालथी घातली आन् गाडीला गेला.

मी आधी खदखदून हसलो. मग दाण्यांची चिमूट हातातच राहिली. टाकावी का न्हाई, ह्ये मला आजून कळंना.