बारवेची सातवी सदस्य

दैवशालानं तव्यावरची भाकरी उलटली आणि दाराची कडी वाजली. टेंभुर्णीत सकाळच्या पारी कडी कुणी वाजवत नाही. लोक हाक मारत सरळ चुलीपर्यंत येतात. ती पिठाच्या हातानंच उठली.

दारात जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून, कल्याण. काखेत फाईल.

"साळूबाई इथंच राहत्यात ना, ताई?"

"माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, भाऊ."

"चेष्टा करता का? मागच्या महिन्यात बारवेवर भेटल्यात की मला!"

रस्त्यासाठी गावाबाहेरच्या बारवेवर स्लॅब पडणार होता. ती राखायची की बुजवायची, हे वारसा सल्लागार समिती सांगणार. अध्यक्ष मोठे साहेब. मग पुरातत्त्वाचे एक, नगररचनेचे एक, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि इतिहासाचे प्राध्यापक. सातवी जागा गावातल्या जाणत्या माणसाची.

"ती भरल्याबिगर बैठकच लागत न्हाई," कल्याण म्हणाला. "अन् पंधरा दिवसांत बैठक न्हाई झाली तर स्लॅब पक्का. जाणतं माणूस हुडकून राह्यलो होतो, तर म्हातारी पायरीवरच बसलेली. म्हणे, पाण्याखालच्या पायरीवर दोन मासे कोरलेत. मंग मोटार लावून पाणी उपसलं. वरून बघतो तर, बराबर मासे!"

त्यानं संमतीचा कागद पुढं केला. खाली अंगठा उठलेला, त्यातून विळ्याच्या जुन्या जखमेची आडवी रेघ. ती जखम दैवशालानंच हळद भरून बांधली होती.

आत भाकरी करपली. दैवशाला त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

बारवेच्या खालच्या सात पायऱ्या बायांच्या. तिथं पुरुष पाय ठेवत नाहीत. साळूबाईंनी तीस वर्षं तिथं पाण्यातल्या देवींची, आसरांची ओटी भरली. बी.ए. झालेल्या सुनेला त्या वरच थांबवायच्या. "माझ्यामागं तुझीच पाळी हाय," म्हणायच्या आणि हसायच्या. त्या गेल्यापासून दैवशाला तिकडं फिरकली नव्हती.

तिचा चेहरा बघून कल्याणचा आवाज खाली आला. "मेलेलं माणूस तर घेता येत न्हाई, ताई. पण त्यांनी दुसरं नाव बी लिहून घ्यायला लावलंय. म्हणाल्या, कुणी हरकत घेतली तर सुनेला घ्या. पाहणीला सगळ्यांनी खाली उतरायचंय."

तिनं फाईलमधली सदस्यांची यादी वाचली. सहाच्या सहा पुरुष. बारव बुजली तर सासूबाई कुठं बसतील, हा विचार तिच्या मनात आला. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, सही केली.

"मी येते. पण समितीत अजून एक बाई घ्या, भाऊ. खालच्या सात पायऱ्यांवर पुरुष येणार नाहीत, आणि मी एकटी तिथं उतरणार नाही."