बाबांचं ‘हो’ आणि चंद्रावरचे आरसे

मी ज्या टेकडीवर काम करतो, ती अकोल्यापासून किती दूर आहे हे बाबांनी कधी विचारलं नाही. ते एवढंच विचारायचे, “तिथं आता दिवस हाय का रात?” टेकडीवर एक दुर्बीण आहे. तिच्यातून आम्ही लेसरचा झोत वर सोडतो, बहुतेक वेळा उपग्रहांवर आणि कधीकधी चंद्रावर. चंद्रावर माणसं उतरली तेव्हा तिथे खास आरसे ठेवून आली होती. त्यांच्यावर पडलेला उजेड आला त्याच वाटेने परत फिरतो. जाऊन यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळतं. चंद्र दरवर्षी आपल्यापासून साधारण दीड इंच लांब सरकतो, हे अशाच मोजणीतून समजलं.

सांगायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात ते तासन्‌तास एका पडद्याकडे बघत बसणं आहे. सोडलेला जवळजवळ सगळा उजेड वाटेतच हरवतो. चंद्राकडून तर कितीतरी झोत सोडल्यावर उजेडाचा एखादा कण परत येतो. आणि तो टिपणारं आमचं यंत्र इतकं हळवं आहे की काही आलेलं नसतानाही ते ‘आलं’ म्हणतं. कधी इकडचा तिकडचा उजेड शिरतो, कधी कारणही नसतं. पडद्यावर खऱ्या-खोट्याचा ठिपका सारखाच दिसतो. पुष्कळ ठिपके जमले की खरे एका रेषेत येतात आणि खोटे विखुरलेले राहतात. फारच शंका आली तर आम्ही झोत झाकतो आणि बघतो, काहीच न पाठवता किती उत्तरं येतात.

आई गेल्यापासून बाबा अकोल्यात एकटे राहतात. त्यांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या त्या खडखडाटात माणसं खुणांनीच बोलायची. मी अकरावीत गेलो तेव्हा शेजारचे म्हणाले होते, पोराला आता कामाला लावा. बाबा म्हणाले, “त्याले शिकू द्या.” पुढे अमरावतीला एम.एस्सी.ला असताना एका सरांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली आणि काम झाल्यावर कुलूप लावून जा, एवढंच म्हणाले. या दोन माणसांच्या विश्वासावर मी त्या टेकडीपर्यंत पोचलो. तिथे माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी नाही. सोबत काम करणारे भले आहेत, पण बोलणं कामापुरतं. काम संपवून खोलीवर आलो की वाऱ्याचा आवाज असतो आणि फ्रीजचा.

म्हणून रविवारचा फोन. मी बोलत राहायचो. वारा किती आहे, भाजी कशी बेचव लागते, कोणता उपग्रह सापडला नाही. पलीकडून बाबांचं “हो”, “बरं”, “अस्सं का” ठरल्यासारखं येत राहायचं. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, मले इथं करमत नाही.” हे वाक्य त्यांना कधी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “लय चांगलं झालं.”

मी गप्प झालो. आधी धक्क्याने, मग मुद्दाम. फोन कानाला धरून एक शब्दही न बोलता उभा राहिलो.

“हो,” बाबा म्हणाले. थोड्या वेळाने, “बरं.” आणि मग, अगदी मायेने, “अस्सं का.”

ते माझं ऐकत नव्हतेच. मी बोलत असणार अशा अंदाजाने ते उत्तरं देत होते. किती महिने, कोण जाणे. मी सुट्टी काढली. परत जाण्याआधी बाबांना माझं बोलणं ऐकू यावं, एवढं एकच काम घेऊन मी अकोल्याला आलो.

घरी ते मान्य करेनात. “मले सगळं ऐकू येते. तूच पुटपुटून राहतं.” समोरासमोर ते ओठांकडे बघून निभावून नेत. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर त्यांचे जिनिंगमधले एक जुने सोबती बसलेले असत. त्यांना माझ्या येण्याचं कारण कळलं तेव्हा ते खो खो हसले.

“अरे, तुया बापाले मी काल बहिरा म्हटलं तं म्हणते, हो चहा झाला!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् तू काय, चांदावर टॉर्च मारतं म्हणे? इथं डीपी जळाली का आठ-आठ दिस लाइट नसते, अन् हा बाप्पा चांदावर उजेड पाडून राह्यला!”

बाबाही हसले, सगळ्यांच्या मागून, क्षणभर उशिरा.

शेवटी कानांची तपासणी म्हणजे अमरावतीची सहल आहे असं ठरलं. एसटीने गेलो, स्टँडवरून ऑटो केला. दवाखान्यात काचेची एक लहान खोली होती. कानांवर हेडफोन लावून बाबांना आत बसवलं. बाहेर यंत्राजवळ एक तरुण ताई होत्या. आवाज आला की बोट वर करायचं, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. बाबांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि ताठ बसले.

बोट वर झालं. खाली आलं. पुन्हा वर झालं. मी काचेतून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, बरंच ऐकू येतं म्हणायचं यांना. मग माझं लक्ष ताईंच्या हाताकडे गेलं. त्या आवाज सोडायच्या बटणाला हातही लावत नव्हत्या. आत बाबांचं बोट घड्याळासारखं वरखाली होत होतं.

ताईंनी दार उघडून त्यांचा एक कान मोकळा केला आणि मोठ्याने म्हणाल्या, “काका, तुमी तं मी आवाज सोडायच्या आधीच उत्तर देऊन राह्यले!”

“बरोबर आले का?” बाबांनी विचारलं. “किती आले?”

“यात पास-नापास नसते काका.”

“मंग परीक्षा घेता काहून?”

ताईंना हसू आवरेना. मला मात्र त्यांच्या शाळेचं ठाऊक होतं. बाबा सातवीत नापास झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर आजच कोणीतरी त्यांना प्रश्न विचारायला बसवलं होतं, तेही शिकलेल्या मुलासमोर. एकही उत्तर रिकामं सोडायचं नाही असं ठरवून ते बसले होते. रविवारचे ते सगळे ‘हो’ही मला तसेच वाटले. मी बोलायचं थांबू नये म्हणून टाकलेले.

मी आत गेलो, त्यांच्यासमोर बसलो आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असं बोललो. “बाबा, माह्या कामात बी असंच असते. खोटं ‘आलं’ आलं का सगळं अंतर चुकते. नाही आलं तं नाही आलं. तुमी बोट खालीच ठेवा.”

“रिकामं ठेवू?”

“हो.”

“अन् सगळंच रिकामं राह्यलं तं?”

माझा हात क्षणभर त्यांच्या गुडघ्यावर राहिला, मग मी बाहेर आलो.

ताई एकेक बटण दाबत गेल्या. बाबांचा हात मांडीवर पडून होता. त्यांचं कपाळ घट्ट झालं होतं, डोळे मिटलेले होते. बाहेरच्या पडद्यावर आवाजाचे आकडे चढत होते आणि बोट हलत नव्हतं. माझे बाबा किती एकटे आहेत हे मी त्या काचेतून पाहिलं. माझी टेकडी त्यापुढे काहीच नव्हती. मग एकदा बोट थोडं उचललं गेलं, थबकलं आणि वर झालं. ताईंनी मान डोलावली. ते खरं होतं.

उजव्या कानात फारसं काही उरलेलं नव्हतं, डाव्यात थोडं होतं. डाव्या कानाला यंत्र बसवलं. परतीच्या एसटीत त्यांनी ते दोनदा काढलं. “खिडक्याच वाजून राहिल्या नुसत्या,” म्हणाले. दोन्ही वेळा परत लावलंही. मी निघालो त्या दिवशी मात्र ते डबीत होतं. आमचा निरोप खुणांनीच झाला.

टेकडीवर परतल्यावर पहिल्या रविवारी मी फोन लावला.

“बाबा, पोचलो.”

“काय म्हटलं? नाही आलं ऐकू.”

पलीकडे यंत्राची डबी उघडल्याचा आवाज आला. मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. “हा. पोचला,” ते म्हणाले. मग भाजीचं सांगितलं, ते त्यांनी तीनदा विचारलं. पूर्वी अर्धा तास चालणारा आमचा फोन आता चार वाक्यांत दमत होता. मी ठेवणारच होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “करमते काय रे तिथं?”

खिडकीबाहेर वारा होता. मी फोन तोंडाजवळ घेतला.

“नाही करमत, बाबा.”

पलीकडे शांतता. ‘हो’ नाही, ‘बरं’ नाही. इतका वेळ गेला की फोन कटला का ते मी बघितलं. कटला नव्हता.

“आलं ऐकू,” बाबा म्हणाले.