मशीन खराब की माणूस?

"ताई, एकदाचं खरं काय ते सांगून टाका. मशीन खराब आहे की माणूस?"

सेठजींनी हे विचारलं तेव्हा त्यांचे टाइपिस्ट नाना दारातच उभे होते. हातात माझ्यासाठी आणलेला चहा. त्यांनी ऐकलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी कप टेबलावर ठेवला, बशीत सांडलेला चहा खिशातल्या रुमालाने पुसला आणि बाहेर गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंदुरबारला गेली बावीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. सुरुवातीला लोक दुकानात येऊन विचारायचे, "मेकॅनिक कुठे आहेत?" मी म्हणायचे, "बसा, येतीलच," आणि तोवर त्यांचं मशीन उघडून मोकळी व्हायचे. स्वभाव तसा तापट आहे. मशीन ऐकत नसेल तर जास्तच.

सेठजींचा मिरचीचा व्यापार. गावाबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. त्याच्या कडेला पत्र्याचं ऑफिस. तिथे नाना टाइपिस्ट. जवळच्या कोरीट गावचे. वय साठीच्या पुढे. टाइपरायटर होता तेव्हापासून ते सेठजींच्या वडिलांकडे होते. बाजार समितीला पत्र, ट्रान्सपोर्टला पत्र, मजुरांच्या याद्या, सगळं मराठीत आणि सगळं नानांच्या बोटांतून. ते कीबोर्डकडे बघत नाहीत आणि स्क्रीनकडेही बघत नाहीत. नजर शेजारच्या कच्च्या कागदावर. पान संपलं की मगच मान वर.

त्यांचं मशीन जुनं. विंडोज त्यावर रांगत होतं. सेठजी नवीन घेणाऱ्यातले नव्हेत, म्हणून दिवाळीनंतर मी त्यावर लिनक्सची एक हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. कमी मेमरीतही ती बरी चालते. फुकट असते, हे सेठजींना सगळ्यात जास्त आवडलं.

आणि तिथूनच नानांच्या मागे साडेसाती लागली.

रोज सकाळी ते पहिलं पत्र टाइप करायचे, मान वर करायचे, तर पानभर कचरा. अक्षरं मराठीच, पण अर्थ शून्य. "पत्र" लिहावं तर "हलदज" उमटलेलं. सेठजींनी तसलं एक पान न बघता प्रिंट करून सही ठोकून बाजार समितीत पाठवलं. तिथून फोन आला, "सेठ, हे कोणत्या भाषेत आहे?" सेठजींची जी शोभा झाली, तिचं खापर नानांवर फुटलं.

हे काय प्रकरण होतं ते सांगते. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर, या वाटणीला लेआउट म्हणतात. मराठीचे लेआउट एकाहून जास्त आहेत. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा नाना शिकले तो इनस्क्रिप्ट. हल्लीची पोरं वापरतात तो फोनेटिक, म्हणजे इंग्रजी जे दाबलं त्याच उच्चाराचं मराठी अक्षर. कळ तीच, अक्षर वेगळं. मशीनवर फोनेटिक लागला आणि बोटं इनस्क्रिप्टची चालली, की झालं हलदज.

पहिल्या वेळी मी दुपारी गेले. सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट निवडला. नानांनी टाइप करून बघितलं, एकदम बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, परत तेच.

मी म्हटलं, ठीक आहे. या हलक्या सिस्टीममध्ये असं होतं. बदललेली सेटिंग मशीन चालू आहे तोवर राहते, बंद केलं की विसरते. म्हणून दुसऱ्या वेळी जाऊन मी ऑटोस्टार्टमध्ये एक ओळ टाकली. ऑटोस्टार्ट म्हणजे मशीन सुरू झालं की आपोआप करायच्या कामांची यादी. त्यात लिहिलं, उठल्या उठल्या इनस्क्रिप्ट लाव. सेठजींसमोर मशीन तीन वेळा बंद-चालू करून दाखवलं. तिन्ही वेळा बरोबर. मी फुशारकीने म्हणाले सुद्धा, "आता काही होत नाही. लिहून घ्या."

बरं झालं त्यांनी लिहून घेतलं नाही. सकाळी परत फोन.

तिसऱ्या खेपेला पुन्हा दुपारी गेले, मशीन बंद-चालू करून पुन्हा सगळं तपासलं, पुन्हा सगळं बरोबर. आणि तेव्हा सेठजींनी तो प्रश्न विचारला. वर हळू आवाजात म्हणाले, "बघा ताई, माणूस आमच्या घरचाच आहे. पण वय झालं. तुम्ही म्हणाल तर सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतो."

म्हणजे नानांची खुर्ची माझ्या एका वाक्यावर. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की मशीन तर शंभर टक्के बरोबर आहे. मग उरलं कोण?

"उद्या सांगते," म्हणाले आणि बाहेर पडले.

नाना पायरीवर बसले होते. समोर मैदानभर लाल मिरची आणि ती उलटवणाऱ्या बाया. मी शेजारी बसले आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"नाना, सकायले तुम्ही काही बदल करतस का? एखादं बटण दाबाई जास का?"

"काहीच नही वं माय. मशीन चालू करस आनि टाइप करस. चाळीस वर्षं तेच करी ऱ्हायनू." मग खाली बघून म्हणाले, "मन्हाच हात भुली गयात, ताई. रिक्षामा बठी बठी मांडीवर बोटे चालाडी दखस. तठे बरोबर चालतस. आठे येस आनि हाई असं."

हा माणूस रिक्षात मांडीवर टाइप करून स्वतःची परीक्षा घेत होता. मला राग आला, स्वतःचाच. तीनही खेपांना मी आले होते दुपारी, आपल्या सोयीने, दुकान उरकून. बिघाड होत होता सकाळी.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. नानांच्या आधी पथारीवर हजर. ते आले, टोपी खुंटीला लावली, मला बघून ओशाळले. मी म्हटलं, "मी आठे नहीच असं समजा. रोज करतस तसंच करा."

त्यांनी मशीन चालू केलं. जुनं धूड ते, उठायला पाच मिनिटं घेतं. तेवढ्यात नानांनी मागे हात घातला, कीबोर्डची वायर काढली, कीबोर्ड काखेत मारला आणि चालले बाहेर.

मी जागेवरून उठलेच.

पायरीवर जाऊन त्यांनी कीबोर्ड पालथा धरला, तळहाताने तीन थापा मारल्या. लाल भुकटी खाली पडली. मग खिडकीतला रंगाचा ब्रश घेऊन एकेक फट झाडली. मला सटासट चार शिंका आल्या. पथारीवरच्या ऑफिसात रोज मिरचीची धूळ बसते. कळांवर राहिली तर बोटांना लागते, बोट डोळ्याला लागलं की माणूस कामातून गेला. तर असा झाडून-पुसून नानांनी कीबोर्ड आत आणला. मशीन उठून तयार होतं. त्यांनी वायर लावली, कागद सरळ केला, टाइप केलं.

हलदज.

"नाना!" मी ओरडलेच. "हाई तुम्ही रोज करतस?"

"हा. इतला वरिसफाईन."

"मंग मले सांगं कसं नही?"

"यान्हामा सांगानं काय शे? खुर्चीबी पुसस रोज. तेबी सांगू का?"

बरोबरच होतं त्यांचं. मी विचारलं होतं, काही बदल करता का. ते काही बदलत नव्हतेच. विंडोजवरही वर्षानुवर्षं हेच करायचे, तेव्हा बिघडायचं नाही.

आता माझी चूक ऐका. सकाळी मुकादम सगळ्या मजुरांना काम सांगतो. जो नंतर येतो, त्याने ते ऐकलेलंच नसतं. तसंच हे. मशीन उठलं, ऑटोस्टार्टने हाक दिली, इनस्क्रिप्ट लावा. त्या वेळी कीबोर्ड बाहेर पायरीवर थापा खात होता. आत आल्यावर सिस्टीमला तो नवाच गडी. नव्या गड्याला सिस्टीम आपल्या मूळ फाइलमधला लेआउट देते. आणि त्या मूळ फाइलमध्ये फोनेटिक कोणी लिहिला होता? मीच. सिस्टीम टाकताना सवयीने, कारण मी स्वतः फोनेटिक वापरते.

काम दोन मिनिटांचं निघालं. मूळ फाइल उघडली, फोनेटिक खोडून इनस्क्रिप्ट लिहिला, ऑटोस्टार्टमधली ती शहाणी ओळ काढून टाकली. मशीन पुन्हा चालू केलं. वायर काढली, लावली, टाइप केलं. काढली, लावली. दहा वेळा. मग नानांना म्हटलं, आता तुम्ही झाडून आणा. त्यांनी पुन्हा थापा मारल्या, ब्रश फिरवला, आत आणून वायर लावली. या वेळी मात्र त्यांनी कागदाकडे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल, एकेक अक्षर स्क्रीनवर उमटताना बघत राहिले.

पत्र.

नानांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि रुमालाने डोळे पुसले. मी म्हटलं, "मिरची गयी का डोयामा?" ते म्हणाले, "हा, मिरचीच शे."

सेठजी दहाला आले. मी दारातच उभी होते.

"मग ताई? मशीन की माणूस?"

"दोन्ही ठणठणीत. खराब मी होते."

सगळं सांगितलं. सेठजी आत जाऊन म्हणाले, "नाना, बाजार समितीला माफीचं पत्र टाका. त्या हलदजबद्दल." नाना म्हणाले, "तयार शे. सही करा." आणि सेठजींनी चष्मा लावून ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मगच सही केली.

सकाळचा बिघाड दुपारी जाऊन सापडत नाही. बावीस वर्षं धंदा केल्यावर मला हे मिरचीच्या पथारीवर कळलं, शिंकत शिंकत.