बाबांची नवीन मशीन

हे बाहेर सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. वर्गात मी तशीही फारशी बोलत नाही. पण असे किस्से मनात साठत गेले की राग येतो, आणि राग आला की माझं अक्षर चांगलं येतं.

बाबा बालाघाटात घरांच्या लाइटची फिटिंग करतात. फरशी बसवतात रामपायलीचे देवाजीकाका. दोघांचं भांडण एकाच जागी होतं: भिंतीच्या पायथ्याशी, जिथे काकांची स्कर्टिंगची पट्टी बाबांच्या सॉकेटला भिडते.

*

ठरलं होतं, सॉकेट फरशीपासून वीतभर वर. बाबांनी भिंत खोदली तेव्हा फरशी नव्हतीच, म्हणून त्यांनी जमिनीपासून वीत मोजली. मग काकांनी सिमेंटचा मसाला टाकला, फरशी बसवली, वर पट्टी लावायला घेतली. ती नेमकी सॉकेटवर आली.

"भाऊ, तुमचा बोर्ड खाली आला."

"बोर्ड तिथंच हाय. तुमची जमीन वर आली."

*

दुसऱ्या घरी काकांनी पट्टी सॉकेटपाशी हातोडीनं फोडली. एवढी फट राहिली की तिच्यात पाल राहायला आली. बाबांनी फटीत व्हाइट सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या आजींचा निरोप आला, "पाल तिथंच हाय. आता पांढरी झाली."

*

एका रविवारी बाबांनी मला टॉर्च धरायला नेलं. मला ती फोडाफोड बघवेना. मी जुन्या वहीचा पुठ्ठा सॉकेटवर धरून, कापून, पुन्हा धरून, बरोबर बसेपर्यंत कापला. तो पट्टीवर ठेवून पेन्सिल फिरवली. बाबांनी कटर चालवला, कडा मी कानसीनं घासल्या. पट्टी बसली तेव्हा फटीत कागदही शिरेना.

काकांनी येऊन पट्टीवर हात फिरवून पाहिला. "भाऊ, हे तुमच्या हातचं नाही."

"नवीन मशीन घेतली," बाबा म्हणाले.

मी मागेच उभी होते. केसांत फरशीची धूळ होती.

*

"काहून असं सांगतलं?" घरी मी विचारलं.

"पोरीनं माप घेतलं म्हटलं त लोक सारं माप पुन्हा घेतेत."

"घेऊ द्या. बरोबरच हाय."

बाबा भाकरी मोडत राहिले. मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "हौ, मशीन कुठी जेवते?"

*

मशीनचं नाव सगळ्या मोहल्ल्यात झालं. एका घरमालकानं विचारलं, "बाहेरून मागवली का?" बाबा म्हणाले, "नाही, घरचीच हाय." लोक हसले. मी हसले नाही. तेव्हापासून प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूला, जी भिंतीत जाते, तिथे मी पेन्सिलनं माझं नाव लिहिते. एकानं तरी ते समोरून घ्यावं, एवढंच मला हवं आहे.

*

सोमवारी देवाजीकाका सकाळीच आले. मी दाराआड बुटांची लेस बांधत होते.

"भाऊ, एक दिवस मशीन द्या ना."

"आज नाही जमत," बाबा म्हणाले. "तिचा गणिताचा पेपर हाय."

काकांनी दाराखालून दिसणाऱ्या माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. रविवारी येतो."

आज रविवार आहे. मी ठरवलं आहे, काकांसमोरच बाबांना विचारायचं की तुमच्या मशीनचं नाव काय, आणि जोवर ते स्वतःच्या तोंडानं माझं नाव घेत नाहीत, तोवर—

"वनिता, पुठ्ठा घेऊन ये वं," दारातून देवाजीकाका हाक मारताहेत, "आणि पेन्सिल बी."