चौकटीतले दोन ठिपके

मावशीच्या डाव्या मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला एक गोंदण होतं. म्हणायचं म्हणून गोंदण. एक चौकट आणि आत दोन ठिपके. तरुणपणी ते काळंभोर आणि रेखीव होतं असं ती सांगायची. मी पाहिलं तेव्हापासून ते हिरवट आणि पसरलेलंच होतं, ओल आलेल्या भिंतीवर बुरशी धरावी तसं. लहानपणी ती मला भरवायला बसली की वाटी धरलेल्या डाव्या हाताबरोबर ते तोंडापर्यंत यायचं आणि मी तोंड फिरवायचे. आई म्हणायची, पोरीला भूक नाही. भूक होती हो, चांगली सपाटून होती.

मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. तिची उभी हयात त्या तळघरात गेली. रक्ताने कडक झालेल्या चादरी, पू, ओकाऱ्या, आणि जेवणाआधी ज्यांची नावं घेऊ नयेत अशा सगळ्या गोष्टी वरच्या मजल्यांवरून तिथे ढिगाने उतरायच्या. इतर बायका नाकाला फडकी बांधत. मावशी बांधायची नाही. "घाण धुतली की जाते. तिच्यावर कशाला रागवायचं?" म्हणायची. कुणापुढे वाकायची नाही म्हणून लॉन्ड्रीतली माणसं तिला मागून 'खळ' म्हणत, कापड ताठ करायला घालतात ती. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

शिक्षण संपवून मी घरात माश्या मारत बसले होते, तेव्हा तिनेच मला तिथे घड्या घालायच्या टेबलावर चिकटवलं. पहिल्याच दिवशी मला कळलं, की तिच्या हातावर आहे ती लॉन्ड्रीची खूण. वॉर्डावॉर्डाची कापडं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात अशी चौकट असते, आत कुठे रेघा, कुठे ठिपके. कापड विरलं की त्या खुणेवर फुली मारायची, मग त्याची फरशी पुसायची फडकी होतात. नवीन माणूस आला आणि त्याने मावशीचा हात पाहिला, की ठरलेला विनोद व्हायचा. "मावशी, तुम्ही कुठल्या वॉर्डाच्या?" ती हसायची. त्या हसण्याने माझं डोकंच फिरायचं.

एकदा डब्याच्या वेळी मी विचारलंच. "कसली ग ही घाण हातावर? कुणी केली?"

"शाईवाल्याने," ती म्हणाली. आणि लाजली. पन्नाशी उलटलेली बाई, समोर उघडा डबा, आणि लाजली.

तिच्या तरुणपणी कापडांवर खुणा घालायला एक पोरगा होता. शीळ घालायचा, केसांना तेल चोपडायचा. डाव्या करंगळीचं टोक इस्त्रीच्या रोलरमध्ये गेलेलं होतं, तेही मिरवायचा. त्याच्याजवळ दोन बाटल्या असायच्या. एक पक्क्या शाईची, जी उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. दुसरी कच्च्या शाईची, शिवायला टाकायच्या कापडावर तात्पुरती खूण करायला, जी पहिल्या धुण्यात जाते. दोघांचं जमलं. लग्न करायचं ठरलं. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, चादरींच्या गठ्ठ्यामागे बसून दोघांनी शिवणाच्या सुईने एकमेकांच्या हातावर ही खूण टोचली. चौकट म्हणजे घर आणि आत ते दोघं. शाई बाटलीच्या दोन झाकणांत त्यानेच ओतून आणली होती.

"माझा हात सुजून भोपळा झाला," मावशी म्हणाली. "ताप भरला, पू झाला. पण खूण बसली. त्याची मात्र महिन्याभरात पुसट होऊन गेली. बिचाऱ्याची कातडीच तशी, शाई धरत नव्हती. खूप वाईट वाटलं ग त्याला."

"मग?"

"मग त्याला दुसऱ्या गावी हॉटेलात नोकरी लागली. जाताना म्हणाला, माझं तर गेलं, आता तुझं तू जप. आपल्या दोघांचं एवढंच उरलंय."

आणि या बाईने ते जपलं! पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, मावशी, स्टाफला पैसे लागत नाहीत, वर या, काढून टाकू. ही गेली नाही. चांगल्या गवंड्याचं स्थळ आलं होतं, त्याने फक्त हे पुसून टाक म्हटलं, तर त्यालाच वाटेला लावलं. मला त्या गोंदणाची किळस यायची आणि आता मावशीचीही यायला लागली. नको त्या माणसाचा उष्टा डाग आयुष्यभर अंगावर वागवायचा म्हणजे काय?

गेल्या हिवाळ्यात वॉर्डबॉय आला नाही म्हणून मी आणि मावशी कपड्यांची गाडी घेऊन पुरुषांच्या वॉर्डात गेलो. खिडकीजवळच्या खाटेवरून एक म्हातारा खेकसला, "ए बाई, ही चादर बदल. चहा सांडलाय कधीचा."

चादर ओढायला त्याने हात पुढे केला. करंगळीला टोक नव्हतं.

मावशी गाडीचा दांडा धरून उभीच राहिली. मला समजायला क्षणभर लागला. मग मीही पाहिलं. म्हाताऱ्याने सदरा काढून ठेवला होता, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर पंख पसरलेला गरुड गोंदलेला होता. खाली कुणा बाईचं नाव, बदामात. कातडी सुरकुतली तरी काळंकुळकुळीत, पीस न् पीस मोजून घ्यावं असं. शाई न धरणारी कातडी!

मावशी पुढे झाली. त्याला एका कुशीवर वळवून तिने चादर काढली, नवी घातली, कोपरे ताणून खोचले. तिच्या बाहीखालून खूण दिसली तसा तो खिदळला. उरलेल्या दातांत दुपारचं अन्न अडकलेलं होतं.

"अरेच्चा! वॉर्डाची खूण? मीही होतो या लॉन्ड्रीत, फार पूर्वी. हे असलं कुणी अंगावर घेतं का? कुणी बनवलं ग तुला?"

मी तोंड उघडलं. मावशीने माझा दंड असा धरला की वळ उठले.

"होता एक," ती म्हणाली. "तुमचे कोपरे सैल झाले तर नर्सला सांगा."

खाली आल्यावर ती कपडे टाकायच्या हौदापाशी गेली, ती चादर हातात होती तशीच वाकली आणि भडाभडा ओकली. लॉन्ड्रीत सगळे हातातलं काम टाकून बघत राहिले. मेलेल्या माणसांच्या चादरी तिने उघड्या नाकाने धुतल्या होत्या. या चादरीवर चहाचा डाग होता नुसता.

तोंड धुऊन ती खुणांच्या टेबलाशी गेली. पक्क्या शाईत बोरू बुडवला आणि डाव्या हातावर, चौकटीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, फुली मारली. मग जिना चढून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी मागोमाग.

"काढा," ती म्हणाली.

बाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला. फुली ढिम्म हलली नाही. "मावशी, हे काय करून ठेवलंत? वरची शाई जाईपर्यंत मला मशीन लावता येणार नाही. फुली गेली की या."

ती फुली जाईपर्यंत मावशी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारून काम करत होती. एरवी त्या मनगटापर्यंत असायच्या. तेवढ्यात रोलरवर एक नवीन बाई लागली, आणि तिने ठरलेला विनोद केलाच.

"मावशी, तुम्ही कुठल्या वॉर्डाच्या?"

मावशी हसली नाही. हात तिच्यापुढे धरून म्हणाली, "फुली दिसत नाही का? तो वॉर्ड बंद झाला."