शैलाबाईंचा अंगठा

आमच्या शेजारच्या शैलाबाई नागपूरच्या. नागपुरात समुद्र नाही. ती कसर बाई न्यू जर्सीत भरून काढतायत. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करतात आणि शनिवारी अटलांटिकच्या तळाशी जातात. आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं कळतं. जे कळत नाही ते मी रचतो. हे मात्र रचलेलं नाही.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्या महायुद्धात बुडालेल्या एका मालवाहू जहाजावर निघाल्या. दोनशे तीस फूट खोल, पाणी बर्फगार. त्या जहाजाला एकदा हात लावायचा म्हणून बाईंनी चार वर्षं ट्रेनिंग घेतलं होतं. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष शोभाकाकू म्हणाल्याच, "पंचेचाळिशीत हे काय गं? त्यापेक्षा शनिवारी भजनाला ये."

"येते," म्हणाल्या बाई, आणि समुद्रावर गेल्या. काकू टाळ घेऊन वाट बघत बसल्या.

जहाज अवघ्या वीस फुटांवर आलं आणि बाईंच्या डायव्हिंग सूटची, पाणी अडवणारी मनगटाजवळची रबरी सील फाटली. गार पाणी बाहीत शिरलं, बोटं बधिर. पाण्यातला जोडीदार वॉल्ट, रिटायर्ड प्लंबर, खाली बोट दाखवत राहिला: आलंच की! बाईंनी अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ 'मस्त' नव्हे, 'वर चला'. एकानं अंगठा दाखवला की सगळ्यांनी निघायचं, वाद नाही.

बोटीवर वॉल्ट फुरंगटला. "वीस फूट, शैला! फक्त वीस!"

"ते चौसष्ट वर्षं तिथं पडलंय, अजून पडेल. मला नाही पडायचं."

ही बातमी मी इमानेइतबारे गावभर केली. गणपतीत काकूंनी सगळ्यांसमोर गाठलं. "हात न लावताच पळालीस म्हणे? आता सोड तो नाद."

बाईंनी मोदक डाव्या हातात घेतला आणि उजव्याचा अंगठा थेट काकूंच्या नाकासमोर धरला.

"शहाणी गं!" काकू खूश. वीस वर्षं अमेरिकेत राहून आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे त्या साफ विसरल्या होत्या.

पुढच्याच शनिवारी बाई नवी सील लावून गाडीत सिलिंडर चढवत होत्या. मी कुंपणावरून विचारलं, "या वेळी तरी हात लागणार ना?"

"बघू. नाहीतर पुन्हा अंगठा."

"वॉल्ट रुसेल हो."

"रुसू दे."

संध्याकाळी परतल्या त्या सरळ माझ्याच दारात. पिशवीतून पाण्यातला हातमोजा काढला आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला खसाखसा पुसला. छातीवर तांबूस गंजाचा पट्टा.

"घ्या मनोहरराव," म्हणाल्या, "करा बातमी."